एकाच छताखाली दोन बिलं: इंग्लंडमध्ये मानसिक रुग्णांच्या निवासाचा खर्च कोण उचलतं?

इंग्लंडमधल्या एखाद्या केअर होममध्ये शेजारशेजारच्या खोल्यांत राहणारी दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघांनाही स्किझोफ्रेनिया. दोघंही हॉस्पिटलमधून थेट इथे आलेले, सकाळची गोळी एकाच कर्मचाऱ्याच्या हातून घेणारे, एकाच टेबलावर जेवणारे. पहिल्याला राहण्याखाण्याचा एक पेनीही भरावा लागत नाही. दुसऱ्याच्या सरकारी भत्त्यातले आठवड्याला सुमारे ३० पौंड हातखर्चाला सोडून बाकीचे कापले जातात, आणि बँकेत काही शिल्लक असेल तर तिलाही गळती लागते. आजार तोच, खोली तशीच. फरक इतकाच की पहिल्याला १९८३च्या मेंटल हेल्थ ॲक्टच्या कलम ३ खाली सक्तीने हॉस्पिटलात ठेवलं होतं आणि दुसरा आपल्या पायांनी दाखल झाला होता.

ऐकायला हा अन्याय वाटतो, आणि माझ्या मते तो थोडाफार आहेच. पण हे असं का झालं याचा माग काढला की अख्खी व्यवस्था उलगडत जाते. सावरणाऱ्या रुग्णाने कुठे राहावं यावर डॉक्टरांचं, घरच्यांचं आणि त्याचं स्वतःचं म्हणणं असतंच. शेवटचा शब्द मात्र बहुतेक वेळा ज्याच्या तिजोरीतून पैसे जाणार त्याचा असतो.

तिजोऱ्या तीन आहेत. पहिली एनएचएसची, म्हणजे सार्वजनिक आरोग्यसेवेची. ती देशाच्या करांतून भरते आणि तिथे रुग्णाला काही द्यावं लागत नाही. दुसरी स्थानिक कौन्सिलची. आपल्या घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स, व्यापारी जागांवरचा कर आणि केंद्राचं अनुदान यांवर ती चालते. ‘सोशल केअर’ ही कौन्सिलची जबाबदारी, आणि त्यासाठी माणसाची ऐपत पाहून शुल्क लावता येतं. असं काम करणारी कौन्सिलं इंग्लंडमध्ये १५३ आहेत. तिसरी तिजोरी केंद्राच्या कल्याणखात्याची. त्यातून अपंगत्वाचे भत्ते आणि घरभाड्याची मदत मिळते. रुग्ण वॉर्डात असेपर्यंत खर्च पहिल्या तिजोरीचा. केअर होममध्ये गेला की मुख्य भार दुसरीवर. स्वतंत्र खोली भाड्याने घेऊन मदतीने राहू लागला की दुसरी आणि तिसरी मिळून. म्हणजे माणूस एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर गेला की बिलाचा मालक बदलतो, आणि ज्याच्याकडे ते बिल येणार असतं त्याला घाई नसते.

ही ओढाताण आजची नाही. १८४५च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला मनोरुग्णांसाठी असायलम बांधणं सक्तीचं केलं. इमारत काउंटीची, पण तिथे ठेवलेल्या गरीब रुग्णाचा आठवड्याचा खर्च त्याच्या गावाकडच्या गरीबकल्याण मंडळाने, म्हणजे पुअर लॉ युनियनने द्यायचा. युनियनचं स्वतःचं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या मोबदल्यात ठेवण्याचं घर असे आणि तिथे माणूस ठेवणं बरंच स्वस्त पडे. साहजिकच जो फार आरडाओरडा करत नाही तो वर्कहाउसातच खितपत पडे. १८७४ साली केंद्राने असायलममधल्या प्रत्येक गरीब रुग्णामागे आठवड्याला ४ शिलिंग अनुदान सुरू केलं. दोन जागांच्या खर्चातली तफावत कमी झाली आणि वर्कहाउसातले म्हातारे, शांत, जुनाट रुग्ण असायलमांकडे सरकू लागले. कुणाचा आजार बळावला नव्हता, हिशेब बदलला होता. आणि कुठल्या युनियनने पैसे द्यायचे हे ठरवायला ‘हा माणूस मुळात कुठला?’ हा वाद तेव्हाही होताच. तो पुढे पुन्हा भेटेल.

१९४८मध्ये एनएचएस आली आणि असायलमं तिच्याकडे गेली. म्हणजे काउंट्यांच्या गळ्यातलं लोढणं केंद्राने घेतलं. १९५४च्या सुमारास इंग्लंड आणि वेल्समध्ये मनोरुग्णालयांत दीड लाखाच्या आसपास माणसं होती. १९६१मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी जाहीर केलं की पंधरा वर्षांत या खाटा निम्म्यावर आणायच्या आणि रुग्णांना समाजात राहू द्यायचं. समाजात म्हणजे कुठे? तर कौन्सिलांनी चालवलेल्या वसतिगृहांत आणि घरांत. पण खाट बंद झाल्यावर वाचणारा पैसा एनएचएसकडे राही आणि नव्या वसतिगृहाचा खर्च कौन्सिलच्या माथी येई. कौन्सिलांनी जे करायचं तेच केलं: चालढकल.

यावर काही ठिकाणी चांगला तोडगा निघाला. उत्तर लंडनमधली फ्रायर्न आणि क्लेबरी ही दोन प्रचंड रुग्णालयं बंद करताना, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जुन्या रुग्णामागे ठरावीक रक्कम त्याच्या नव्या निवासासाठी दिली जाई. कारकुनी भाषेत तिला चक्क हुंडा म्हणत. या रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा करणारा मोठा अभ्यासही झाला. पाच वर्षांनंतर बहुतेक जण समाजातच होते, रस्त्यावर आलेले अगदी मोजके, आणि परत वॉर्डात जायला बहुतेकांची तयारी नव्हती. ‘रुग्णालयं बंद केली आणि वेडे रस्त्यावर सोडले’ असं जे सर्रास म्हटलं जातं, ते निदान या दोन रुग्णालयांपुरतं खरं नाही. तिथे माणसामागे पैसा गेला होता.

बाकी देशभर मात्र १९८०च्या दशकात भलतंच घडलं. गरीब माणूस खाजगी केअर होममध्ये राहायला गेला तर त्याचं बिल केंद्राचं कल्याणखातं भरू लागलं, आणि त्याला केअर होमची खरंच गरज आहे का हे कुणी विचारत नसे. त्याच माणसाला त्याच्या घरी मदतनीस पाठवायचा असेल तर खर्च कौन्सिलचा! मग कौन्सिलचा अधिकारी काय सुचवेल? १९७९मध्ये या खात्यातून केअर होमांसाठी साधारण १ कोटी पौंड जात होते. १९९३पर्यंत आकडा २ अब्जांच्या वर गेला. समुद्रकिनाऱ्यावरची ओस पडलेली जुनी हॉटेलं धडाधड केअर होमं झाली. सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या ऑडिट कमिशनने १९८६मध्ये हा उलटा कारभार चव्हाट्यावर आणला. सेन्सबरी सुपरमार्केटचा कारभार पाहिलेले सर रॉय ग्रिफिथ्स यांनी १९८८मध्ये सांगितलं की पैसा आणि जबाबदारी दोन्ही कौन्सिलांच्या हाती द्या. कौन्सिलांचे पंख छाटायला निघालेल्या थॅचर सरकारला हे औषध कडू लागलं. वर्षभर विचार करून त्यांनी ते घेतलं, १९९०मध्ये कायदा केला आणि एप्रिल १९९३पासून तो पूर्ण लागू झाला. तेव्हापासून केअर होमचे पैसे कौन्सिलकडून आणि त्याआधी गरजेची तपासणीही कौन्सिलकडूनच. मात्र कल्याणखात्याकडून वळवलेल्या पैशातला ८५ टक्के हिस्सा खाजगी आणि स्वयंसेवी संस्थांवरच खर्च करायची अट होती. कौन्सिलांची स्वतःची केअर होमं पुढे कमी होत गेली, त्याचं एक मोठं कारण हे.

आता आजचं चित्र. समजा, पंचेचाळिशीची एक बाई वर्षभर वॉर्डात आहे. आवाज ऐकू येणं कमी झालंय, डॉक्टर म्हणतात घरी जायला हरकत नाही. पण घर नाही. भाड्याची खोली केव्हाच गेली. सोशल वर्कर तिच्या गरजांचा तक्ता भरते आणि कौन्सिलच्या खर्च मंजूर करणाऱ्या पॅनेलपुढे ठेवते. तिथली चर्चा ऐकलीत तर आजाराचं नाव क्वचितच निघेल. चर्चा तासांवर चालते. गोळ्या तिच्या हातात द्यायच्या, की समोर उभं राहून गिळल्या का पाहायचं? बाजारात एकटी जाते, की सोबत लागते, आणि आठवड्यातून किती तास? रात्रीचा कर्मचारी जागा हवा, की तिथेच झोपलेला आणि हाक मारल्यावर उठणारा चालेल? हा शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण जागा कर्मचारी म्हणजे रोज रात्रीचा पूर्ण पगार. पहाटे तीनला ती दार उघडून बाहेर पडते असं वॉर्डातल्या नोंदवहीत दोनदा लिहिलेलं असेल तर तेवढ्यावरून बिल कितीतरी वाढतं. नोंद नसेल तर पॅनेल म्हणतं, झोपलेला पुरे. म्हणून अनुभवी सोशल वर्कर पॅनेलला जाण्याआधी नर्सच्या नोंदी बारकाईने चाळून घेतात.

यानंतर प्रश्न जागेचा. केअर होममध्ये खोली, जेवण, देखभाल सगळं एका फीमध्ये येतं. भाडेकरू म्हणून कुठलाही हक्क नसतो आणि घरभाड्याचा भत्ताही मिळत नाही. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये तिच्या नावावर भाडेकरार होतो, दाराची किल्ली तिच्याकडे, आणि मदतनीस ठरलेल्या तासांना येतात. भाडं हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे बहुतांशी केंद्राच्या पैशातून निघतं. कौन्सिलला फक्त मदतीचे तास भरावे लागतात. गेल्या वीसेक वर्षांत कौन्सिलांना सपोर्टेड लिव्हिंगचं एवढं प्रेम का आलं याचं उत्तर इथे अर्धं तरी आहे. उरलेलं अर्धं उत्तर चांगलं आहे: बहुतेक माणसांना स्वतःची किल्ली हवी असते. स्वस्त आणि चांगलं एकाच बाजूला पडावं, हे या क्षेत्रात विरळाच.

पण फट तिथेही आहे. केअर होमवर सीक्यूसी या तपासणी संस्थेची देखरेख असते. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये ती फक्त अंघोळ-कपड्यांसारखी शारीरिक देखभाल तपासते, घर नाही. नुसती बोलण्या-बसण्याची, आधार देण्याची मदत असेल तर सीक्यूसीचा संबंधच येत नाही. २००३मध्ये ‘सपोर्टिंग पीपल’ नावाचा निधी १.८ अब्ज पौंडांनी सुरू झाला होता. तो अशा आधारसेवांसाठी राखीव होता, आणि पैशाबरोबर थोडी तपासणीही येई. २००९मध्ये राखीवपणा काढला आणि निधी कौन्सिलांच्या इतर गरजांत विरघळला. भाड्याचा भत्ता मात्र चालूच राहिला, तोही ‘इथे आधार दिला जातो’ असं सांगितलं की नेहमीपेक्षा जास्त दराने. काही घरमालकांनी मोठी घरं घेतली, खोल्यांचे तुकडे पाडले, आठवड्यातून एकदा दारावर टकटक करणारा माणूस ठेवला आणि जादा भाडं खिशात घातलं. बर्मिंगहॅममध्ये हा प्रकार सगळ्यात गाजला. २०२३मध्ये त्यावर वेगळा कायदा करावा लागला.

शुल्काचा भाग थोडक्यात. कलम ३चं संरक्षण नसेल तर २०१४च्या केअर ॲक्टनुसार ऐपत तपासली जाते. शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असेल तर केअर होमची सगळी फी स्वतःची. १४,२५०च्या खाली असेल तर शिलकीला हात लागत नाही, फक्त उत्पन्न धरतात. मधल्या पट्ट्यात दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न आहे असं मानतात. हे दोन्ही आकडे २०१०पासून तसेच आहेत. महागाई मात्र थांबलेली नाही. तरुणपणीच आजारी पडलेल्याकडे घरही नसतं आणि शिल्लकही, त्यामुळे त्याला हे आकडे बहुधा गैरलागू असतात. धक्का बसतो तो आईवडील गेल्यावर. त्यांनी आजारी मुलाच्या नावे राहतं घर किंवा रक्कम ठेवली की तो एका दिवसात ‘ऐपतदार’ होतो आणि तो पैसा फीमध्ये जाऊ लागतो. म्हणून तिथले जाणते पालक मृत्युपत्रात थेट मुलाचं नाव न घालता ट्रस्ट करतात. मुलाला मेंटल हेल्थ ॲक्टच्या कलम ११७चा, म्हणजे सक्तीच्या उपचारांनंतरच्या मोफत सेवेचा हक्क असेल तर त्याच्या मानसिक आजाराच्या निवासासाठी या पैशाला कुणी हात लावू शकत नाही.

हे कलम ११७ म्हणजेच सुरुवातीच्या दोन माणसांमधली भिंत. कलम ३खाली (किंवा न्यायालयामार्फत येणाऱ्या काही कलमांखाली) सक्तीने उपचार झालेल्या माणसाला बाहेर पडल्यावर पुढची सेवा देणं हे एनएचएसच्या स्थानिक मंडळाचं आणि कौन्सिलचं संयुक्त कर्तव्य आहे. फक्त तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत ठेवणाऱ्या कलम २ला ते लागू नाही. घरच्यांना बऱ्याचदा एवढंच माहीत असतं की ‘सेक्शन केलं होतं’. कुठला सेक्शन, यावर मात्र पुढची कित्येक वर्षं अवलंबून असतात. कौन्सिलं आधी या सेवेचेही पैसे घेत. २००२मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मँचेस्टर कौन्सिलच्या खटल्यात ते बंद केलं. शेजारच्या खोलीतला स्वेच्छेने दाखल झालेला माणूस पैसे भरतो, मग याला फुकट कसं, हा युक्तिवाद तिथेही झाला. न्यायाधीशांना तो पटला नाही. ज्याने ही सेवा धड स्वतःच्या मर्जीने निवडलेलीच नाही, त्याच्याकडून तिचं मोल मागणं त्यांना विचित्र वाटलं. त्यानंतर चुकून घेतलेले पैसे परत करण्याचे आदेश लोकपालांनी अनेक कौन्सिलांना दिले आहेत.

रुग्णासाठी फुकट, पण दोन संस्थांत वाटणी कशी? कायदा प्रमाण सांगत नाही. कुठे निम्मं-निम्मं, कुठे गुणांचा तक्ता भरून, कुठे प्रकरणागणिक भांडून. वाद मिटेपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवू नये असा नियम आहे, आणि तो मोडल्याच्या तक्रारी येतच असतात.

त्याहून तिखट भांडण दोन कौन्सिलांमधलं. हा माणूस मुळात कुठला? वूस्टरशर कौन्सिलने एका स्त्रीला तिच्या मुलीजवळ राहता यावं म्हणून स्विंडनमधल्या केअर होममध्ये ठेवलं, खर्च स्वतः केला. वर्षभरात ती पुन्हा आजारी पडली आणि स्विंडनमध्येच तिला पुन्हा सक्तीने दाखल केलं. दुसऱ्यांदा बाहेर पडल्यावर बिल कुणाचं? सरकारचं मत होतं वूस्टरशरचं. खटला खालून वर उलटसुलट निकाल घेत गेला आणि ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: स्विंडनचं. कायद्याच्या शब्दांप्रमाणे दुसऱ्यांदा दाखल होण्याच्या क्षणी ती तिथे राहत होती, बस्स. साध्या केअर ॲक्टखाली नेमकं उलटं आहे; तिथे पाठवणाऱ्या कौन्सिलची जबाबदारी पाठ सोडत नाही. कलम ११७च्या मजकुरात ती तरतूदच नव्हती. परिणाम कुणाच्याही लक्षात येईल: जिथे घरं स्वस्त म्हणून केअर होमं जास्त, त्या गावांवर बाहेरून आलेल्यांचा आयुष्यभराचा खर्च पडू शकतो. नोव्हेंबर २०२४मध्ये मांडलेल्या मेंटल हेल्थ विधेयकात सरकारने हे उलटवणारी तरतूद घातली. पुअर लॉच्या काळातलं भांडण, नव्या वकिलांनी लढलेलं.

आणि या सगळ्याखाली कौन्सिलचा रिकामा होत चाललेला खिसा. २०१०नंतर केंद्राची अनुदानं आटली. २०१६पासून सोशल केअरसाठी कौन्सिल टॅक्सवर वेगळा अधिभार लावायची मुभा मिळाली, पण श्रीमंत भागात त्यातून जितकं जमतं तितकं गरीब भागात जमत नाही, आणि गंभीर मानसिक आजार गरीब भागातच जास्त. २०१८मध्ये नॉर्थम्प्टनशर आणि २०२३मध्ये बर्मिंगहॅम कौन्सिलने कलम ११४ची (हे कलम कौन्सिलांच्या पैशांबद्दलच्या वेगळ्या कायद्यातलं) नोटीस काढली. म्हणजे कायद्याने बंधनकारक नसलेला नवा खर्च बंद. कलम ११७ बंधनकारक, म्हणून ते टिकतं. दुपारी जाऊन बसण्याचं केंद्र, कर्जाबद्दल सल्ला, आठवड्यातून एकदा फोन करणारी ताई, यातलं बरंचसं बंधनकारक नाही, म्हणून आधी ते जातं. काही महिन्यांनी तोच माणूस वॉर्डात येतो तेव्हा खर्च एनएचएसच्या वहीत चढतो. कौन्सिलच्या वहीत बचतच दिसते.

कलम ११७ आपोआप संपत नाही, हे घरच्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. दोन्ही संस्थांनी माणसाची पाहणी करून, आता या सेवेची गरज उरली नाही असं ठरवावं लागतं. एकट्या कौन्सिलने पत्र पाठवून भागत नाही. माणूस दोन वर्षं केअर होममध्ये नीट राहिला, वॉर्डाची पायरी चढला नाही, की ‘आता तो बरा आहे’ असं म्हणायचा मोह बैठकीत होतो. सरकारी आचारसंहिता सांगते की माणूस स्थिरावला याचा अर्थ गरज संपली असा होत नाही; तो स्थिरावला असेल तो त्या सेवेमुळेच. अशा बैठकीला जाताना केअर होमच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी मागून घ्याव्यात: गोळ्या कोण देतं, कुठल्या रात्री जाग आली, गेल्या वर्षात किती वेळा कुणाला मध्ये पडावं लागलं. ही कामं उद्यापासून कोण करणार, हे विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.